व्हिडिओ गेम उद्योगाला महाप्रदर्शनाची गरज आहे काय?



बाजार आणि जत्रा या दोन संस्था महाराष्ट्राच्या ग्रामजीवनात खोल रुजलेल्या आहेत. आठवड्याच्या बाजाराला माणूस जातो तो मीठमिरची, बी-बियाणे, दोरखंड यांच्या खरेदीसाठी. जत्रेला जातो तो देवदर्शनासाठी, आप्तेष्टांच्या गाठीभेटींसाठी आणि चार घटका करमणुकीसाठी. गावोगाव दुकाने झाली तेव्हा केवळ खरेदीविक्रीवर उभे असलेले अनेक बाजार रोडावले. जत्रा मात्र टिकल्या. एखादा मेळा का जगतो आणि का मरतो, हे त्याच्या गर्दीवरून कळत नाही. तो कोणती गरज भागवतो आणि ती गरज अन्य मार्गाने भागू लागली आहे काय, हे पाहिल्यावर कळते.

हीच कसोटी आज एका अगदी नव्या उद्योगाला लावून पाहावयाची आहे. तो उद्योग म्हणजे व्हिडिओ गेमचा, अर्थात संगणक, दूरचित्रवाणी संच किंवा मोबाइल फोनवर खेळल्या जाणाऱ्या खेळांचा. जगभरातील त्याची वार्षिक उलाढाल दीडशे अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे अंदाज आहेत. १२ डिसेंबर २०२३ रोजी या उद्योगात एक घटना घडली. जवळजवळ तीन दशके या व्यवसायाचे प्रमुख वार्षिक संमेलन मानले गेलेले अमेरिकेतील ‘ई-थ्री’ हे प्रदर्शन कायमचे बंद झाल्याचे त्याच्या संयोजकांनी जाहीर केले. उद्योग वाढला आणि त्याचे सर्वांत गाजलेले प्रदर्शन मात्र बंद पडले. असे का व्हावे? आणि यापुढे अशा महाप्रदर्शनांची गरज उरली आहे काय?

हा प्रश्न केवळ परदेशी कंपन्यांचा नाही. मे २०२५ मध्ये मुंबईत केंद्र शासनाने ‘वेव्हज’ ही दृक्श्राव्य व मनोरंजन क्षेत्राची जागतिक शिखर परिषद भरविली आणि व्हिडिओ गेम हा तिच्या विषयांपैकी एक होता. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ॲनिमेशन, दृक्‌परिणाम, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रांसाठी धोरण मंजूर केले. सार्वजनिक पैसा व परिश्रम जेथे खर्ची पडतात, तेथे दुसऱ्यांच्या अनुभवापासून धडा घेणे अगत्याचे ठरते.

प्रदर्शनाचा जन्म

१९९० च्या सुमारास अमेरिकेतील खेळ-कंपन्या आपला माल ‘कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स शो’ या सर्वसाधारण प्रदर्शनात मांडीत असत. हिवाळ्यात लास व्हेगास व उन्हाळ्यात शिकागो येथे ते भरे. तेथे मान होता दूरचित्रवाणी संच, ध्वनियंत्रणा व दूरध्वनी यांना. खेळांना बाजूची जागा मिळे. सेगा कंपनीच्या अमेरिकन शाखेचे तत्कालीन प्रमुख टॉम कॅलिन्स्के यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, एका वर्षी त्यांच्या कंपनीला तंबूत जागा देण्यात आली आणि पाऊस पडून पाणी यंत्रांवर गळले.

याच काळात, १९९३ च्या अखेरीस, खेळांतील हिंसेविषयी अमेरिकेच्या सिनेटमध्ये सुनावणी झाली. शासनासमोर आपली बाजू मांडण्यासाठी एकत्र येण्याची निकड कंपन्यांना भासली आणि १९९४ मध्ये त्यांची संघटना स्थापन झाली. या संघटनेच्या पुढाकाराने ११ ते १३ मे १९९५ या काळात लॉस एंजेलिस येथे पहिले ‘ई-थ्री’ भरले. उपेक्षित धंद्याला स्वतःचे अंगण मिळाले.

पहिल्याच प्रदर्शनातील एक प्रसंग पुढील तीस वर्षांचे सार सांगणारा आहे. सेगा कंपनीने आपले ‘सॅटर्न’ हे नवे खेळयंत्र सप्टेंबरऐवजी त्याच दिवसापासून निवडक दुकानांत ३९९ डॉलरला मिळेल, अशी अनपेक्षित घोषणा केली. त्यानंतर सोनी कंपनीचे अधिकारी स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, ‘दोनशे नव्याण्णव’ एवढेच म्हणाले आणि खाली उतरले. सोनीच्या ‘प्लेस्टेशन’ची ती किंमत होती. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. इकडे सेगाने ज्या दुकानदारांना वगळले होते ते दुखावले गेले आणि त्यांपैकी काहींनी कंपनीच्या मालाकडे पाठ फिरविली. व्यासपीठावरील एका आकड्याने बातमी झाली आणि दुकानदाराच्या रुसव्याने व्यापाराचे गणित बिघडले. बातमी आणि व्यापार ही या प्रदर्शनाची दोन चाके होती, हे त्याच दिवशी दिसून आले.

दोन चाके

या दोन चाकांची रचना समजून घेणे आवश्यक आहे. त्या काळी खेळ तबकडीवर किंवा काडतुसासारख्या पेटीत भरून दुकानात विकला जाई. अमेरिकेतील मुख्य विक्री नोव्हेंबर-डिसेंबर या सणासुदीच्या दिवसांत होत असे. दिवाळीचा माल व्यापारी जसा आधीच नोंदवून ठेवतो, तसाच तेथील दुकानदारही नाताळचा माल उन्हाळ्यात नोंदवी. दुकानातील फळी मर्यादित असते. तिच्यावर कोणाचा खेळ किती संख्येने ठेवावयाचा, याचा निर्णय मोठ्या साखळी-दुकानांच्या खरेदी अधिकाऱ्यांच्या हाती असे. अशा सर्वांना मे-जूनमध्ये एका छताखाली आणणे सोयीचे होते. कंपनीला देशभर हिंडावे लागत नसे आणि दुकानदाराला सर्वांचा माल एकत्र तोलून पाहता येई.

दुसरे चाक वृत्तपत्रांचे. खेळांविषयीची मासिके छपाईच्या कितीतरी आठवडे आधी मजकूर सिद्ध करीत. ग्राहकापर्यंत बातमी पोहोचविण्याचा दुसरा मार्ग कंपन्यांजवळ फारसा नव्हता. त्यामुळे पत्रकारांना एकाच आठवड्यात सारे नवे खेळ दाखविणारे प्रदर्शन दोघांच्याही हिताचे होते.

खर्चाची चढाओढ

प्रदर्शन वाढत गेले. २००५ मध्ये उपस्थिती सुमारे ७० हजारांवर पोहोचली. त्याबरोबर चढाओढही वाढली. शेजारच्या दालनापेक्षा आपला पडदा मोठा, आवाज मोठा, सजावट भव्य असावी, यासाठी कंपन्या लक्षावधी डॉलर खर्च करू लागल्या. याहून मोठी किंमत दृष्टीआड राही. तीन दिवसांच्या प्रदर्शनात दाखविण्याजोगा एक चकचकीत तुकडा तयार करण्यासाठी खेळ बनविणारे कारागीर मूळ काम बाजूला ठेवून आठवडेच्या आठवडे राबत. अनेकदा तो तुकडा अंतिम खेळात जसाच्या तसा वापरताही येत नसे.

मोठ्या कंपन्यांनी कुरकूर केल्यावर २००६ नंतर प्रदर्शन एकदम लहान करण्यात आले. २००७ मध्ये ते सांता मोनिका येथील हॉटेलांतून, केवळ निमंत्रितांसाठी भरले. २००८ मध्ये लॉस एंजेलिसला परतल्यावर उपस्थिती जेमतेम ५ हजारांच्या आसपास होती. आता तक्रार उलट दिशेने आली: गजबज नाही, मग बातमीही नाही. २००९ मध्ये पुन्हा भव्य स्वरूप देण्यात आले आणि उपस्थिती ४१ हजारांवर गेली. प्रदर्शन फार मोठे झाले तर परवडत नाही आणि फार लहान झाले तर कोणी दखल घेत नाही, असा हा पेच होता.

चाके निखळली

पुढील दहा वर्षांत पेच सुटला, परंतु प्रदर्शनाच्या विरुद्ध बाजूने. खेळ इंटरनेटवरून थेट ग्राहकाच्या यंत्रात उतरू लागले. दुकानातील फळीचे महत्त्व ओसरले आणि उन्हाळ्यात माल नोंदविण्याची निकडही ओसरली. पहिले चाक निखळले.

दुसरे चाक कंपन्यांनी आपल्या हातांनी काढले. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने २०११ पासून ग्राहकांना थेट दिसणारे स्वतःचे चित्रित कार्यक्रम सुरू केले आणि २०१३ मध्ये ई-थ्रीमधील आपली मोठी पत्रकार परिषद बंद केली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने २०१६ मध्ये प्रदर्शनाबाहेर आपला वेगळा मेळा मांडला. २०१९ मध्ये सोनी प्रथमच प्रदर्शनात आली नाही. स्वतःच्या सोयीच्या दिवशी, प्रतिस्पर्ध्याच्या गोंगाटाशिवाय, लक्षावधी लोकांशी थेट बोलता येत असेल तर परक्याच्या मांडवाचे भाडे का भरावे, हा त्यांचा विचार व्यवहार्यच होता.

संयोजकांनी २०१७ मध्ये सर्वसामान्यांसाठी १५ हजार तिकिटे खुली केली. व्यापाऱ्यांसाठी आखलेल्या मांडवात जनसमुदाय शिरला आणि लांबच लांब रांगा लागल्या. पाहुण्यांची गैरसोय झाली आणि व्यावसायिकांना काम करणे अवघड झाले. बाजाराची जत्रा करावयाची तर रस्ते, पाणी, निवारा सारेच वेगळे लागते, हे कोणत्याही यात्रा समितीला ठाऊक आहे. २०१९ मध्ये दोन हजारांहून अधिक पत्रकार व अन्य उपस्थितांची खाजगी माहिती संयोजकांच्या संकेतस्थळावरून उघड झाली आणि विश्वासालाही तडा गेला. २०२० चे प्रदर्शन साथीमुळे रद्द झाले, २०२१ चे केवळ इंटरनेटवर झाले, २०२२ चे झाले नाही. २०२३ मध्ये पुनरारंभाची घोषणा झाली. परंतु सोनी, निन्टेन्डो आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्ही यंत्रनिर्मात्या कंपन्या दालन घेणार नाहीत हे स्पष्ट झाल्यावर मार्चमध्ये तेही रद्द करावे लागले. डिसेंबरमधील घोषणा ही औपचारिकता होती. साथीने अंत जवळ आणला, पण दुखणे आधीचेच होते.

जे मेळे टिकले

एवढ्यावरून महाप्रदर्शनांचा काळ संपला असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. जर्मनीतील कोलोन शहरात २००९ पासून ‘गेम्सकॉम’ हा मेळा भरतो. २०२४ मध्ये तेथे ३ लाख ३५ हजार लोक आले. जपानमध्ये टोकियोजवळ १९९६ पासून भरणाऱ्या ‘टोकियो गेम शो’ला त्याच वर्षी २ लाख ७४ हजारांहून अधिक उपस्थिती होती. ई-थ्रीच्या ऐन भरातील गर्दीच्या ही कितीतरी पट आहे.

हे मेळे टिकले याचे कारण त्यांच्या रचनेत आहे. कोलोनमध्ये व्यावसायिकांची दालने स्वतंत्र असतात आणि जनतेची स्वतंत्र. टोकियोत व्यवसायाचे दिवस वेगळे आणि जनतेचे वेगळे. बाजार आणि जत्रा यांची सरमिसळ होऊ दिली जात नाही. जत्रेच्या भागात लोक तिकीट काढून येतात, अप्रकाशित खेळ हातात घेऊन खेळतात, मित्रांना भेटतात. पडद्यावर जाहिरात पाहणे आणि खेळ स्वतः खेळणे यांतील अंतर कोणतेही प्रक्षेपण भरून काढू शकलेले नाही.

तिसरा प्रकार याहून साधा आहे. १९८८ मध्ये क्रिस क्रॉफर्ड या खेळ-रचनाकाराच्या कॅलिफोर्नियातील घरी पंचवीस-तीस समव्यावसायिक जमले आणि आपल्या कामातील अडचणींविषयी बोलले. त्यातून ‘गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स’ ही परिषद उदयास आली. पुढे सॅन फ्रान्सिस्को येथे भरणाऱ्या या परिषदेला २०२४ मध्ये सुमारे ३० हजार लोक आले होते. तेथील मुख्य देवाणघेवाण ज्ञानाची आणि ओळखीची आहे. एका कारागिराने दुसऱ्याला काय शिकविले, कोणाला नोकरी मिळाली, कोणाला भांडवल देणारा भेटला, हे तिचे फळ होय.

लहान निर्मात्याचा प्रश्न

मोठ्या कंपनीला प्रदर्शनाची गरज उरली नाही, हे खरे. तिच्याजवळ पैसा आहे, नाव आहे, प्रक्षेपणाची साधने आहेत. खरा प्रश्न पाच-दहा जणांच्या लहान संस्थेचा आहे. घरचे दागिने मोडून किंवा तीन-चार वर्षांची पुंजी लावून जी मंडळी एक खेळ तयार करतात, त्यांनी तो कोणाला आणि कोठे दाखवावा? ‘स्टीम’ या संगणकीय खेळांच्या मोठ्या इंटरनेट विक्रीकेंद्रावर २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून अधिक खेळ दाखल झाले. दुकानाची फळी अमर्याद झाली खरी, पण ग्राहकाचा दिवस चोवीस तासांचाच राहिला. पूर्वी जागा मिळत नसे. आता जागा मिळते, पण नजर मिळत नाही.

नव्या प्रक्षेपणांनी हा प्रश्न पूर्णपणे सोडविलेला नाही. ई-थ्रीची जागा बऱ्याच अंशी घेणाऱ्या ‘समर गेम फेस्ट’ या कार्यक्रमात एका मिनिटाच्या चित्रफितीसाठी अडीच लाख डॉलर आकारले जातात, अशी वृत्ते २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. काही खेळांना गुणवत्तेवर विनामूल्य स्थान मिळते, हेही नमूद केले पाहिजे. तरीही मांडवाचे भाडे गेले आणि मिनिटाचे भाडे आले, एवढे म्हणावेच लागते.

मोठ्या व्यासपीठाचे बळ आणि धोका दोन्ही इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील ‘हॅलो गेम्स’ या छोट्या संस्थेने अनुभवले. २०१४ च्या ई-थ्रीमध्ये सोनीच्या मंचावर त्यांचा ‘नो मॅन्स स्काय’ हा खेळ झळकला आणि मूठभर माणसांची ही संस्था रातोरात जगप्रसिद्ध झाली. पण अपेक्षाही तितक्याच उंचावल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये खेळ बाजारात आला तेव्हा सांगितलेल्या अनेक गोष्टी त्यात नव्हत्या आणि ग्राहकांचा रोष उसळला. संस्थेने पुढील अनेक वर्षे विनामूल्य सुधारणा करून गेलेला विश्वास परत मिळविला. रोषणाईने नजर मिळते. ती टिकवावी लागते कामाने.

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने ‘राजी’ नावाचा खेळ तयार केला. भावाच्या शोधात निघालेली राजी नावाची मुलगी दुर्गामातेच्या कृपेने असुरांशी लढते, असे त्याचे कथानक असून भारतीय पुराणकथा व वास्तुशिल्प यांचा त्यात आधार घेतला आहे. १८ ऑगस्ट २०२० रोजी, जगभर प्रदर्शने बंद असताना, निन्टेन्डो कंपनीच्या लहान निर्मात्यांसाठीच्या प्रक्षेपणात हा खेळ दाखविला गेला आणि त्याच दिवशी विक्रीस आला. ज्याला लॉस एंजेलिसचे दालन परवडले नसते, अशा पुणेरी खेळाला जगाचे दार असे उघडले. मात्र ते दार उघडणारी कंपनी मोठीच होती. कोणाचा खेळ दाखवावयाचा हे ठरविणारा हात साखळी-दुकानाच्या खरेदी अधिकाऱ्याकडून प्रक्षेपण करणाऱ्या कंपनीकडे सरकला, इतकाच काय तो बदल.

महाराष्ट्रासाठी बोध

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर विभागून द्यावे लागते. माल नोंदविण्यासाठी महाप्रदर्शनाची गरज आता उरलेली नाही. बातमीसाठीही ती जवळजवळ संपली आहे. खेळाडूंना एकत्र येण्यासाठी मेळा हवा आहे, आणि तो जत्रेच्या नियमांनी आखलेला हवा. लहान निर्माता, भांडवलदार, प्रकाशक व होतकरू विद्यार्थी यांच्या भेटीसाठी तर एकत्र येण्याच्या जागेची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे. ती जागा भव्य असण्याची मात्र आवश्यकता नाही. क्रॉफर्ड यांच्या दिवाणखान्यात पंचवीस-तीस माणसेच होती.

मुंबईच्या परिषदेत विक्रेते व खरेदीदार यांच्या भेटीगाठींसाठी ‘वेव्हज बाजार’ असा स्वतंत्र विभाग ठेवण्यात आला होता, ही योग्य दिशा आहे. यापुढे असे उपक्रम आखताना काही प्रश्न विचारणे हितावह ठरेल. नागपूर, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर येथील किती लहान संस्थांना दालन परवडले? किती जणांचे करार झाले आणि वर्षभराने त्यांपैकी किती टिकले? किती विद्यार्थ्यांना अनुभवी कारागिरांशी प्रत्यक्ष बोलता आले? तीन दिवसांच्या उत्सवानंतर उरलेल्या तीनशे बासष्ट दिवसांत काय चालले? उपस्थितीचा आकडा अहवालात शोभून दिसतो. पण २०१९ मध्ये ६६ हजारांची उपस्थिती असलेले प्रदर्शन त्यानंतर एकदाही मांडवात भरले नाही, हे विसरता येणार नाही.

शिक्षकांच्या दृष्टीनेही यात विचार करण्याजोगे आहे. चित्रकला, गणित, संगीत व कथाकथन यांची गोडी असलेला विद्यार्थी जिल्ह्याच्या गावीही असतो. त्याला राजधानीतील महाप्रदर्शनाचे तिकीट मिळेलच असे नाही. परंतु एखाद्या महाविद्यालयात वर्षातून दोनदा त्याने केलेला लहानसा खेळ चार जाणकारांनी खेळून पाहिला, चुका दाखविल्या आणि पुढचा मार्ग सांगितला, तर त्याच्या दृष्टीने तेच सर्वांत मोठे प्रदर्शन ठरेल. यासाठी लागणारा खर्च एका भव्य कमानीहूनही कमी असेल.

ई-थ्री बंद पडले म्हणून या उद्योगाचे चक्र थांबले नाही. थांबला तो एक मांडव. त्या मांडवाने एके काळी उपेक्षित धंद्याला मान मिळवून दिला, हे त्याचे ऋण मान्य करावयास हवे. परंतु मांडव हे साधन आहे. आत येणाऱ्याची गरज बदलली की मांडवही बदलावा लागतो, आणि ज्याला आवाज नाही अशा लहान माणसासाठी त्यात जागा राहील याची काळजी वाहावी लागते. नवी प्रदर्शने आखणाऱ्या सर्वांनी एवढे भान ठेवले, तर लॉस एंजेलिसमधील त्या बंद झालेल्या दालनांचा अनुभव महाराष्ट्राच्या उपयोगी पडेल.